भिक्षुणीसंघाची परंपरा आणि मुलींचे शिक्षण

रायगड जिल्ह्यात, मांदाडच्या खाडीजवळ, कुडे गावच्या डोंगरात बौद्ध लेण्यांचा एक समूह आहे. त्यांतील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतला आणि प्राकृत भाषेतला एक लहानसा दानलेख कोरलेला आहे. लेणे आणि त्याच्याजवळची पाण्याची पोढी दान करणारी स्त्री पदुमनिका नावाची प्रव्रजिता होय. तिची आई नागनिका हीही प्रव्रजिताच होती, आणि नागनिकेचे मामा पातिमित व अगिमित हे संघातील स्थविर होते. हे दान पदुमनिकेने एकटीने केलेले नाही. बोधी आणि असाळमिता या आपल्या दोन शिष्यांसह केले आहे, असे लेख सांगतो.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या या चार ओळींत मामा, भाची, तिची मुलगी आणि त्या मुलीच्या शिष्या अशी एक सलग साखळी दिसते. पदुमनिकेची ओळख येथे कोणाची पत्नी म्हणून दिलेली नाही. आईची कन्या आणि शिष्यांची आचार्या म्हणून ती दिली आहे. विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे स्त्रियांच्या हातून जात होती, याचा हा महाराष्ट्राच्या भूमीतील पाषाणात कोरलेला पुरावा आहे.

पुढे ही साखळी तुटली. ती कशी जुळली, कशामुळे टिकली आणि कशामुळे तुटली याचा अभ्यास केवळ धर्माच्या इतिहासापुरता महत्त्वाचा नाही. मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या शिक्षकांना, अधिकाऱ्यांना आणि पंचायत सदस्यांना त्यातून घेण्याजोगे बरेच काही आहे.

प्रवेशाचा प्रश्न

भगवान बुद्धांची मावशी आणि त्यांचे पालनपोषण करणारी महाप्रजापती गौतमी हिने कपिलवस्तू येथे स्त्रियांना संघात प्रवेश द्यावा अशी विनंती केली. विनयपिटकातील वृत्तान्तानुसार तिने तीन वेळा विनंती केली आणि तीनही वेळा नकार मिळाला. त्यानंतर गौतमीने केशवपन केले, काषाय वस्त्रे धारण केली आणि अनेक शाक्य स्त्रियांसह ती पायी वैशालीला गेली. सुजलेल्या पायांनी आणि धुळीने माखलेल्या अंगाने ती विहाराच्या दाराशी उभी राहिली. तेथे आनंदाने तिची बाजू घेतली. त्याने विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक होता. स्त्री गृहत्याग करून धम्माचे आचरण करू लागली, तर तिला अर्हत्पदापर्यंतची फळे प्राप्त करून घेणे शक्य आहे की नाही? शक्य आहे, असे उत्तर मिळाले. क्षमता मान्य झाल्यावर प्रवेश नाकारण्याचे कारण उरले नाही.

हा प्रवेश बिनशर्त मात्र नव्हता. भिक्षुणींसाठी आठ गुरुधर्म घालून देण्यात आले आणि त्यांतील पहिल्यानुसार शंभर वर्षांची दीक्षा झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावयाचे होते. हे नियम मूळचे की नंतरचे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही, समान पात्रता मान्य होऊनही समान स्थान मिळाले नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मुलीच्या जन्माविषयीचा एक प्रसंग संयुत्तनिकायात आला आहे. मल्लिका राणीला कन्या झाल्याची वार्ता ऐकून कोसलचा राजा पसेनदी खिन्न झाला. तेव्हा बुद्धांनी त्याला समजावले, की बुद्धिमान आणि शीलवती कन्या पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते. आजही मुलगी झाल्याचे कळताच काही घरांत चेहरे उतरतात. त्या घरांना हा प्रसंग परका वाटणार नाही.

शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या

प्रवेश मिळाल्यावर स्त्रियांनी काय केले, हे ‘थेरीगाथा’ या पाली ग्रंथावरून समजते. त्यात ७३ रचना असून त्या थेरींच्या म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणींच्या नावे जतन झाल्या आहेत. स्त्रियांच्या नावावर असलेल्या जगातील अतिप्राचीन काव्यसंग्रहांत त्याची गणना होते. यातील स्त्रिया एकाच थरातील नाहीत. खेमा राजकुलातील, अंबपाली वैशालीची गणिका, तर पुण्णा ही पाणी भरणारी दासी होती. थंडीच्या दिवसांत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाशी पुण्णा वाद घालते. स्नानाने पाप जात असेल, तर बेडूक आणि कासवे यांनाही स्वर्ग मिळावयास हवा, असा तिचा युक्तिवाद आहे. दासीच्या तोंडी असा तर्कशुद्ध प्रतिवाद येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

धम्मदिन्ना ही धम्मोपदेश करणाऱ्या भिक्षुणींत अग्रगण्य मानली गेली. मज्झिमनिकायातील एका सुत्तात विशाख नावाचा उपासक तिला एकामागून एक सूक्ष्म प्रश्न विचारतो आणि ती त्यांची उत्तरे देते. अट्ठकथेच्या परंपरेनुसार हा विशाख पूर्वाश्रमीचा तिचा पती होता. पुढे त्याने ही उत्तरे बुद्धांना सांगितली, तेव्हा आपणही हेच उत्तर दिले असते, असे म्हणून त्यांनी तिच्या विद्वत्तेला मान्यता दिली. पटाचारा हिने पती, मुले आणि आईवडील गमावले होते. तीच पुढे विनयाच्या ज्ञानात अग्रगण्य ठरली, आणि तिच्या उपदेशाने मार्गाला लागलेल्या तीस भिक्षुणींच्या गाथा या ग्रंथात आहेत.

सोमा या थेरीची कथा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. दोन बोटांच्या बुद्धीची स्त्री ऋषींचे पद कसे मिळविणार, असे म्हणून मार तिला खिजवतो. भात शिजला की नाही हे स्त्रिया शीत दोन बोटांत चेपून पाहतात. त्यापलीकडे त्यांची बुद्धी जात नाही, असा या टोमण्याचा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. चित्त एकाग्र असता आणि ज्ञान जागे असता स्त्रीत्वाचा प्रश्न येतोच कोठे, असे सोमेचे उत्तर आहे. मुलीला गणित आणि विज्ञान झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांना अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर पुरेसे आहे.

आचार्या, निवास आणि सुरक्षितता

भिक्षुणीसंघाची खरी शक्ती त्याच्या व्यवस्थेत होती. विनयाचे नियम बारकाईने वाचले तर ते एका शिक्षणसंस्थेचे नियम वाटतात.

पूर्ण दीक्षेपूर्वी उमेदवार स्त्रीने दोन वर्षे ‘सिक्खमाना’ म्हणून प्रशिक्षण घ्यावे, असा दंडक होता. दीक्षा देणाऱ्या आचार्येची स्वतःची बारा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि दीक्षेनंतरही तिने शिष्येला दोन वर्षे साहाय्य करावे, अशी अपेक्षा होती. प्रवेश देऊन जबाबदारी संपत नसे. क्षुद्र विद्या शिकण्यास आणि शिकविण्यास भिक्षुणींना बंदी होती; परंतु लेखनकला शिकण्यास दोष नाही, असे विनयात स्पष्टपणे नमूद आहे. सांची येथील एका दानलेखात अविसिना नावाच्या भिक्षुणीचा उल्लेख ‘सुत्तान्त जाणणारी’ असा केलेला आढळतो.

निवासाच्या जागेचाही विचार झालेला होता. एकाच आचार्येने दरवर्षी शिष्या घेऊ नयेत आणि एका वर्षात दोघींना दीक्षा देऊ नये, असे नियम आहेत. त्यांमागील कारण व्यवहाराचे आहे. शिष्या वाढल्या, परंतु राहण्याची जागा अपुरी पडली, त्यामुळे हे निर्बंध आले. इच्छा होती, पात्रता होती, शिकविणारीही होती. अडले ते निवासासाठी.

सुरक्षिततेचा प्रश्न तर अधिक गंभीर होता. उप्पलवण्णा थेरीवर अरण्यात अत्याचार झाल्यानंतर भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा निर्णय झाला. धम्मपदाच्या अट्ठकथेत असे सांगितले आहे, की त्यानंतर पसेनदी राजाने भिक्षुणींसाठी नगराच्या आत निवास बांधून दिला. अपराध दुसऱ्याचा आणि बंधन स्त्रियांवर, हा या घटनेतील अन्याय आहेच. परंतु तिचा दुसरा भागही दुर्लक्षिता येणार नाही. स्त्रियांनी साधना सोडून घरी परतावे असे कोणी म्हटले नाही. त्यांची साधना सुरक्षितपणे चालावी यासाठी नगराने जागा दिली.

महाराष्ट्रातील लेण्यांची साक्ष

ग्रंथांतील हे चित्र महाराष्ट्रातील शिलालेखांशी जुळते. जुन्नर येथील एका लेखात धम्मुत्तरीय संप्रदायाच्या भिक्षुणींच्या नगरातील निवासाचा उल्लेख आहे. डोंगरातील लेण्यांत भिक्षूंचा वावर आणि भिक्षुणींचा निवास गावात, असा हा व्यवहार वर सांगितलेल्या नियमांना धरून होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातील दानलेखांतही भिक्षुणींची नावे येतात. कान्हेरी येथे धेनुकाकटच्या एका उपासकाची कन्या असलेल्या सापा नावाच्या प्रव्रजितेचे दान नोंदलेले आहे.

प्रव्रजित स्त्रियांबरोबरच गृहिणींचा वाटाही मोठा होता. नाशिकच्या चैत्यगृहाच्या उभारणीत भट्टपालिका या अमात्यपत्नीचा भाग होता. त्याच लेण्यांच्या समूहात क्षहरात नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने एक खोली दान केली. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने आपला नातू पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या १९व्या वर्षी भव्य लेणे संघाला अर्पण केले. कुड्याचे चैत्यगृह भायिला नावाच्या ब्राह्मण स्त्रीचे दान आहे. राणी, अमात्यपत्नी, ब्राह्मणी आणि भिक्षुणी अशा सर्व थरांतील स्त्रियांनी आपल्या नावाने दान दिले आणि ती नावे दगडात कोरली गेली. विद्येच्या आणि साधनेच्या स्थानांना समाजाचा आधार होता आणि त्या आधारात स्त्रियांचा हिस्सा उघड दिसत होता.

खंडित झालेली साखळी

अशोकाची कन्या संघमित्रा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात बोधिवृक्षाची शाखा घेऊन श्रीलंकेत गेली आणि तेथे राणी अनुला व इतर स्त्रियांना तिने दीक्षा दिली. त्या परंपरेतील भिक्षुणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात समुद्रमार्गे चीनमधील नानजिंग येथे पोहोचल्या. त्यांच्या साहाय्याने चीनमध्ये शेकडो स्त्रियांची विधिपूर्वक दीक्षा झाली. सहाव्या शतकाच्या प्रारंभी बाओचांग या चिनी भिक्षूने ६५ भिक्षुणींची चरित्रे लिहिली. त्यांतील कित्येकींची ख्याती ग्रंथांच्या अध्ययनासाठी आणि प्रवचनांसाठी होती.

इकडे भारतात मात्र चौथ्या-पाचव्या शतकानंतरच्या लेखांत भिक्षुणींची नावे विरळ होत जातात. श्रीलंकेतील भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास नाहीसा झाला. दीर्घ युद्धांमुळे त्या काळी भिक्षुसंघाचीही वाताहत झाली होती. परंतु विजयबाहू राजाने ब्रह्मदेशातून भिक्षू आणवून पुरुषांच्या दीक्षेची परंपरा पुन्हा सुरू केली. स्त्रियांच्या परंपरेसाठी तसे झाले नाही. भिक्षुणीच्या दीक्षेसाठी भिक्षुणीसंघ आवश्यक होता. दीक्षा देणाऱ्या भिक्षुणी उरल्या नाहीत, म्हणून नव्या भिक्षुणी झाल्या नाहीत, आणि नव्या झाल्या नाहीत म्हणून दीक्षा देणाऱ्याही पुढे राहिल्या नाहीत. स्त्रियांच्या शिक्षणावर बंदी घालणारा कोणताही हुकूम निघाला नव्हता. केवळ एक दुवा निखळला आणि तो पुन्हा जोडण्याची तातडी कोणास वाटली नाही. तो जोडण्यास सुमारे नऊशे वर्षे लागली.

१९९६ साली सारनाथ येथे कोरियातील संघाच्या सहकार्याने आणि १९९८ साली बोधगया येथे तैवानमधील संघाच्या पुढाकाराने श्रीलंकेतील स्त्रियांना पूर्ण दीक्षा देण्यात आली. १९९८ सालीच श्रीलंकेत दांबुल्ला येथेही हा विधी झाला. पाचव्या शतकात श्रीलंकेने पूर्वेकडे जो दिवा दिला होता, त्याच दिव्यावरून श्रीलंकेतील विझलेली वात पुन्हा लावण्यात आली. सर्व थेरवादी देशांत या दीक्षेला मान्यता मिळालेली नाही. तथापि काम सुरू झाले आहे. तिबेटी परंपरेतही असेच एक पाऊल पडले. तत्त्वज्ञानातील ‘गेशे’ ही सर्वोच्च पदवी पूर्वी भिक्षूंनाच मिळत असे. डिसेंबर २०१६ मध्ये कर्नाटकातील मुंडगोड येथे दलाई लामा यांच्या हस्ते २० भिक्षुणींना ‘गेशेमा’ पदवी प्रथमच देण्यात आली.

नव्या काळातील धागा

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाचा आधुनिक धागा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात जोडला. त्या कार्यातही शिष्येची आचार्या होण्याचा क्रम दिसतो. सावित्रीबाई प्रथम शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने आपल्या समाजाच्या दुःस्थितीवर लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलींसाठी शाळा काढली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रीशिक्षणाला आपल्या चळवळीत केंद्रस्थान दिले. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा आशयाचे विचार बाबासाहेबांनी तेथे मांडले आणि मुलामुलींना शिकविण्याचे व लग्नाची घाई न करण्याचे आवाहन केले. १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात, स्त्रियांच्या अवनतीस बुद्ध कारणीभूत होते हा आरोप त्यांनी खोडून काढला. ज्ञानाचा आणि संन्यासाचा जो अधिकार स्त्रियांना नाकारला गेला होता, तो बुद्धांनी त्यांना खुला केला, असे त्यांचे प्रतिपादन होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेत स्त्रिया फार मोठ्या संख्येने सहभागी झाल्या.

या धाग्याचे फळ जनगणनेच्या आकड्यांत पाहता येते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील बौद्धांची लोकसंख्या सुमारे ८४ लाख असून त्यांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. देशातील बौद्ध स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ७४ टक्के होते. त्या वेळी सर्व भारतीय स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६५ टक्के होते. शतकानुशतके शाळेच्या दारापासून दूर ठेवलेल्या समाजातील स्त्रियांनी दोन-तीन पिढ्यांत हे अंतर कापले. मोलमजुरी करून मुलींना शाळेत धाडणाऱ्या असंख्य मातांची नावे कोठल्याही शिलालेखात नाहीत. परंतु ही टक्केवारी त्यांचाच दानलेख आहे.

आज गावापुढे असलेले काम

समाधान मानून थांबावे अशी स्थिती मात्र नाही. २०११ साली राज्यात पुरुषांची साक्षरता सुमारे ८८ टक्के, तर स्त्रियांची सुमारे ७६ टक्के होती. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दहा वा अधिक वर्षे शाळेत शिकलेल्या स्त्रिया निम्म्याच होत्या. २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. याचा अर्थ असा, की पहिलीत नाव घालण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला असला, तरी साखळी मधल्या दुव्यांपाशी तुटत आहे.

हे दुवे गावकऱ्यांना ठाऊक असतात. गावची शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंतच असते, आणि पुढची शाळा दुसऱ्या गावी असते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. परंतु त्याचे छत्र वयाच्या १४व्या वर्षापर्यंतच आहे. नेमक्या त्याच वयात घरात लग्नाची बोलणी सुरू होतात, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम अंगावर येते, आणि ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर मुलीलाही गाव सोडावे लागते.

शासनाने या दुव्यांसाठी योजना आखल्या आहेत. बारावीपर्यंत मुलींच्या मोफत शिक्षणाची सवलत, मागासवर्गीय मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि शासकीय वसतिगृहे, २००४ पासून सुरू झालेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये, ग्रामीण विद्यार्थिनींना राज्य परिवहनाच्या गाड्यांतून मोफत प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना, या त्यांपैकी काही होत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णयही झाला आहे. परंतु योजना मुलीच्या दारापर्यंत पोहोचविणारा माणूस गावातलाच असावा लागतो. आनंदाने दारात उभ्या असलेल्या स्त्रियांची बाजू आत जाऊन मांडली, तेव्हाच दार उघडले. आज ती भूमिका शिक्षकाची, ग्रामपंचायत सदस्याची आणि अंगणवाडी सेविकेची आहे.

शिक्षणहक्क कायद्यानुसार आपल्या क्षेत्रातील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. २०११ पासून राज्यातील पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गावपातळीवर कारवाईचे अधिकार देण्यात आले आहेत. साधने हाताशी आहेत. त्यांचा उपयोग होण्यासाठी दरवर्षी जून महिन्याच्या ग्रामसभेत चार साध्या प्रश्नांची उत्तरे नावानिशी घेतली जावीत.

पहिला प्रश्न : गेल्या वर्षी गावच्या शाळेतील शेवटचा वर्ग उत्तीर्ण झालेल्या मुलींपैकी प्रत्येकीचे नाव पुढच्या शाळेत दाखल झाले आहे काय? नुसती संख्या सांगून भागणार नाही. नावे वाचली जावीत.

दुसरा प्रश्न : पुढच्या शाळेची वाट आणि वेळ मुलींना सोयीची आहे काय? गाडी शाळेच्या वेळेला येत नसेल, फाट्यापासूनचा रस्ता निर्जन असेल, वाटेवर दिवा नसेल, तर तो मुलीचा दोष नव्हे. उपाय म्हणून तिची शाळा बंद करू नये. आगाराशी पत्रव्यवहार करावा, रस्ता दुरुस्त करावा, सोबत जाण्याची व्यवस्था करावी. भिक्षुणींना नगरात निवास देणाऱ्या राजाने जे केले, ते आज ग्रामपंचायतीने करावयाचे आहे.

तिसरा प्रश्न : वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत गेले काय? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते यांपैकी एखादी बाब अडली म्हणून कित्येक मुली हक्काच्या मदतीस मुकतात. शिक्षकाने सातवी आणि दहावीच्या वर्षीच ही कागदपत्रे जमवून घेतली, तर हा अडथळा सहज दूर होतो.

चौथा प्रश्न : गावातील कोणती शिकलेली स्त्री या मुलींना शिकवावयास किंवा मार्गदर्शन करावयास तयार आहे? पदवी घेतलेली सून, निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बचत गटाचे हिशेब लिहिणारी स्त्री, अशा कोणीतरी आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिरात किंवा विहारात अभ्यासवर्ग घेतला, तर मुलींना पुस्तकाइतकाच मोलाचा एक आदर्श डोळ्यांसमोर मिळतो. अनेक गावांत बुद्धविहार आहेत; वर्षावासाच्या तीन महिन्यांत तेथे ग्रंथवाचनही चालते. त्याच ठिकाणी मुलींसाठी दिवा, बाके आणि चार पुस्तके ठेवणे ही जुन्या परंपरेला साजेशी गोष्ट होईल.

दुवा कोणी सांभाळावयाचा?

मुलीला शाळेचे दार उघडून देणे आवश्यक आहे; परंतु तेवढ्याने शिक्षणाची परंपरा निर्माण होत नाही, हा भिक्षुणीसंघाच्या इतिहासाचा बोध होय. दारापाशी बाजू घेणारा आनंद, दोन वर्षे हात न सोडणारी आचार्या, गावातील सुरक्षित निवास आणि खर्चाचा भार उचलणारा समाज हे चारही जेथे होते, तेथे दासीसुद्धा पंडिता झाली. यांतील एक दुवा निखळला आणि तो जोडणारा कोणी पुढे आला नाही, तेव्हा हजार-दीड हजार वर्षे चाललेली परंपराही मावळली.

कुड्याच्या लेखात आचार्येच्या नावापाशी तिच्या दोन शिष्यांची नावे आवर्जून कोरलेली आहेत. प्रत्येक शिकलेल्या स्त्रीच्या नावापुढे अशी दोन नवी नावे लिहिली जावीत, आणि ती लिहिली गेली की नाही याची गावाने दरवर्षी विचारपूस करावी. एवढे नियमाने घडले, तर साखळी पुन्हा तुटण्याचे भय राहणार नाही.